दिसला नाही

तोंड सताड उघडं, अर्धा जबडा बधिर, आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. तिने मान वाकडी करून त्याच्या पडद्याकडे पाहिलं… आणि दातांच्या डॉक्टरचा हात झटकून ती ताडकन उठून बसली.

"अहो, दाढ अर्धवट आहे!"

"ताला… ताला थेतलाय!"

तारा पेटलाय, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळलं. ती वेधशाळेत काम करायची. तिथून फोनवर आलेल्या आकाशाच्या फोटोत, जिथे कधीच काही नसायचं, तिथे आज एक ठिपका उगवला होता. दोन तारे एकमेकांना बिलगून फिरतात, एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो आणि मधूनच असा भडकतो… त्यातलाच हा असावा, असा तिचा अंदाज. पण मागे एकदा तिने काचेवरच्या धुळीला तारा म्हटलं होतं. तेव्हापासून वेधशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं — दुसऱ्या कुणी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय मला सांगू नकोस! आणि आज बाकीचे सगळे रजेवर.

"शेजारच्या ताऱ्यांशी तेज जुळवायचं असतं," ती कशीबशी म्हणाली.

"दिवसभर दातांचे रंगच जुळवतो मी. चला! तसंही ही दाढ घेऊन तुम्हाला एकटं सोडणार नव्हतो."

वेधशाळेच्या गच्चीवरच्या दुर्बिणीपाशी नियम एकच. आपला तेजाचा आकडा आधी चिठ्ठीवर लिहायचा, मग दाखवायचा. मध्ये बोलायचं नाही, डोकवायचं नाही. दोघांनी लिहिलं… बारा पूर्णांक चार. दोघांचाही! तिचा जीव भांड्यात पडला.

दहा दिवसांत तारा मंदावत दिसेनासा झाला. "पुन्हा भडकला तर तुझं खरं," सर म्हणाले. "तोवर साक्षीदाराला सोडू नकोस."

मग रोज दिवेलागणीला डॉक्टर हजर. दोघं त्या रिकाम्या जागेकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे, 'दिसला नाही' लिहायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे. थंडी वाढली तसा तो हातमोजे आणू लागला… एकच जोड, एकेक वाटून घालायला. घरी आत्या विचारायची, "काय गं, ती दाढ अजून बरी होईना?"

तिला मात्र आताशा भीती वाटे. तारा भडकला की साक्षीदाराचं काम संपलं. मग हा कशाला येईल? ज्या ताऱ्यासाठी एवढा जीव टाकला, त्याने जरा दमाने घ्यावं असं तिला वाटे, आणि त्याची लाजही वाटे.

त्र्याण्णवाव्या संध्याकाळी तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि काळजात धस्स झालं. तारा लखलखत होता. ती मुकाट बाजूला झाली. तो वाकला… जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

चिठ्ठ्या उघडल्या. दिसला नाही. दिसला नाही.

"डॉक्टर…" तिचा आवाज एवढासा झाला, "खरंच नाही दिसला?"

"तुम्हाला?"

"…दिसला."

"मलाही." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, उद्या यायला कारण कुठून आणू?"

ती खो खो हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वेड्या, असे तारे पुन्हापुन्हा भडकतात. जन्मभर बघत राहावं लागतं." ते 'वेड्या' तोंडून कधी निसटलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"एकटीने?"

खोट्या चिठ्ठ्या फाडून तिने नव्या काढल्या. दोघांनी लिहिलं, नियमाप्रमाणे, एकमेकांकडे न बघता.

आकडा जुळला. त्याच्या आकड्याखाली लिहिलं होतं — 'जन्मभर येऊ?'

तिच्या आकड्याखाली — 'ये.'