कापशीचे दोन डबे

"दोर सोडू नका," मामा कुंपणापलीकडून ओरडले, तोवर दोर मास्तरांच्या हातातून सुटलाही होता.

कापशी घोडीने मैदानाला एक अख्खी फेरी मारली आणि कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली. मास्तर मातीत बसकण मारून बसले होते. एवढा गोंधळ कशामुळे झाला, तर चिमटी शिंकली म्हणून.

"मी काय मुद्दाम शिंकले का?" चिमटी म्हणाली. ती मामांची मुलगी, वय वर्षं दहा. बोलण्याआधी समोरच्याला चिमटा काढायची तिची सवय असल्याने घरातली सगळी पोरं तिच्यापासून हातभर लांब उभी राहत.

मामांची घोडेस्वारी शिकवायची शाळा होती. तबेल्यात सहा घोडे, आणि दीड महिन्यापूर्वी आणलेली ही पांढुरकी कापशी सातवी. घोड्यांना शिकवायचं काम मास्तरांचं. त्यांनी पँट झटकली आणि मामांना सांगून टाकलं, "या घोडीचं डोकं ठिकाणावर नाही. हिच्या पाठीवर मी कुणाचंही पोर बसवणार नाही."

मामांनी कोपऱ्यातल्या कापशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी लॉरी बोलावतो. व्यापाऱ्याकडे परत पाठवू."

ताई कुंपणापाशी उभी राहून हे ऐकत होती. ती मामांची भाची. आठवडाभरापूर्वी सुट्टीसाठी आली तेव्हापासून रोज दुपारी ती कापशीच्या दाराशी मुकाट्याने बसून राहायची. पाचव्या दिवशी कापशीने तिच्या हातातलं गाजर खाल्लं होतं. आपल्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या घोडीला लॉरीत चढवायचं, हे तिला सहनच होईना.

"आज मंगळवार," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याला सगळे वकील म्हणत, कारण जेवायला हाक मारली तरी तो आधी पुरावा मागायचा. "पाच दिवस आहेत. ती कशाला घाबरते ते शोधून काढू."

दुपारी तपास सुरू झाला. चिमटीने बादली वाजवली, कापशी दचकली. वकिलाने छत्री उघडली, कापशी दोन पायांवर उभी राहिली. ताईने नुसता रुमाल झटकला, तरी ती भिंतीला जाऊन चिकटली. शेवटी एक कावळा कुंपणावर येऊन बसला, त्यालाही ती घाबरली. कावळासुद्धा बिचारा गोंधळला.

वकिलाने वहीत सगळं लिहून घेतलं आणि पेन्सिल चावत बसला. "बादली, छत्री, रुमाल, कावळा. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही."

"म्हणजे तिला अमुक एका गोष्टीची भीती वाटत नाहीये," ताई हळूहळू म्हणाली. "तिला आतूनच काहीतरी होतंय."

बुधवारी नालबंदकाका आले. एका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन ते खूर घासत होते. कापशीला पाठवणार हे ऐकून त्यांनी हात थांबवला.

"ही? अगं, महिन्यापूर्वी नाल ठोकताना हिला उभ्या उभ्या डुलकी लागली होती. मी चौथा नाल ठोकला तरी बाईसाहेबांना पत्ता नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चिमटीने वकिलाला जोरात चिमटा काढला.

"महिन्याभरात काय बदललं?" तो दंड चोळत म्हणाला. जागा तीच, मास्तर तेच, शेजारचा म्हातारा घोडाही तोच. वकील एकेक गोष्ट खोडत गेला आणि शेवटी वहीवर एकच शब्द उरला, खाणं.

दाणाघर म्हणजे तबेल्यामागची छोटी खोली. आत भुशाचा गोडसर वास, भिंतीशी झाकणाची पिंपं, आणि दारामागे खडूने लिहिलेला फळा. फळ्यावर प्रत्येक घोड्याच्या नावापुढे आकडे होते. कापशीपुढे लिहिलं होतं, सकाळी दोन डबे, संध्याकाळी दोन डबे. माप म्हणजे कडीचा एक पत्र्याचा डबा. इथे कधीच कुणी काही वजन करत नसे, सगळा कारभार डब्यावर.

ताईने कापशीचं पिंप उघडलं. त्यात जवाचे दाणे होते.

"हिला तर गव्हाचा कोंडा द्यायचे," चिमटी म्हणाली. "मी पाहिलंय. माझ्या नाकात जायचा."

"कोंडा संपला," मागून मास्तरांचा आवाज आला. ते दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. "दुकानात मिळेना, म्हणून तीन आठवडे जव घालतोय. पण माप तेच. पहिल्यापासून दोन डबे, आजही दोनच. चला, निघा बाहेर."

"पण जव जड असतो ना?" ताईने विचारलं.

"वीस वर्षं मी घोड्यांना खाऊ घालतोय. माझा हात म्हणजे काटा आहे, काटा. मला शिकवू नका."

बाहेर येताच चिमटी हिरमुसली. वकिलाचा चेहरा मात्र खुलला होता. "त्यांचा हात काटा आहे ना? मग त्यांच्याच हाताने मोजू."

जुन्या पोत्याच्या तळाशी डबाभर कोंडा निघाला. गुरुवारी सकाळी मामा आणि मास्तर चहा घेत असताना चिमटी दोन सारखे डबे घेऊन हजर झाली.

"मास्तर, पैज. डोळे मिटून सांगायचं, कुठला डबा किती भरलाय."

"एवढंच ना," म्हणत मास्तरांनी ऐटीत डोळे मिटले आणि हात पुढे केले. दोन्ही डबे त्यांनी खालीवर करून पाहिले. "हा उजवा काठोकाठ भरलाय. आणि डाव्यात तुम्ही जेमतेम अर्ध्याहून कमी घातलंय. मला फसवताय होय?"

"डोळे उघडा," ताई म्हणाली.

दोन्ही डबे काठोकाठ भरलेले होते. उजव्यात जव, डाव्यात कोंडा.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. घरातून भाजीचा काटा आणला आणि दोन्ही डबे वजन करून पाहिले. कोंडा चारशे ग्रॅम, जव एक किलो.

"म्हणजे जी दिवसाला चार डबे मिळून पावणेदोन किलो कोंडाही खात नव्हती, तिला आपण चार किलो जव चारतोय," मामा म्हणाले. "आणि तेही ती दिवसभर उभी असताना."

बाकीचे घोडे सकाळ-संध्याकाळ मुलांना पाठीवर घेऊन फिरत, त्यांचं खाल्लेलं जिरायचं. कापशीला अजून कामच नव्हतं. मग तिचं बळ दचकण्यातून आणि उधळण्यातून बाहेर पडत होतं.  मास्तर उठून विहिरीकडे निघून गेले.

"लॉरी सांगून झालीय," मामा म्हणाले. "रविवारपर्यंत काय करता येतं ते करा. तिच्यात फरक दिसला नाही तर मात्र मी ऐकणार नाही."

त्या दिवसापासून कापशीचा जव जवळजवळ बंद झाला आणि वाळलेलं गवत भरपूर. सकाळ-संध्याकाळ मामा दोर धरून तिला तासभर चालवत, ताई तिच्या खांद्याशी चाले. दुपारी छत्रीचा धडा. आधी मिटलेली छत्री लांब जमिनीवर ठेवायची. कापशी तिच्याकडे पाहून शांत उभी राहिली की गाजराचा तुकडा द्यायचा. मग छत्री एक पाऊल जवळ. घोडी मागे सरली तर छत्रीही मागे. घाई करायची नाही, ओरडायचं नाही, आणि चिमटीने शिंक आली तर नाक धरून मैदानाबाहेर पळायचं.

शनिवारी संध्याकाळी कापशीने उघड्या छत्रीला नाक लावलं. ताई रडली, आणि मी रडतेय हे तिने सरळ कबूल केलं.

रविवारी दहा वाजता लॉरी आली. ड्रायव्हरने मागची फळी सोडली ती धाडकन खाली आपटली. कापशी उडालीच. तिचे चारही पाय जमिनीपासून सुटले, ताईच्या हातातला दोर ताणला गेला. पण ताईने दोर खेचला नाही. ती फक्त म्हणाली, "अगं, मी आहे."

कापशी एक पाऊल मागे गेली आणि थांबली. तिचे कान लॉरीकडे होते. मग एक कान ताईकडे वळला. तिने मोठा सुस्कारा टाकला आणि मान खाली घातली.

मामा जवळ आले. "भ्याली तर आहे," ते म्हणाले.

"भ्याली, पण पळाली नाही," वकील म्हणाला. "हा पुरावा."

मामा हसले आणि त्यांनी ड्रायव्हरला फळी वर उचलायला सांगितलं. "पोरांनो, आम्ही मोठ्यांनी दीड महिन्यात पाहिलं नाही ते तुम्ही पाच दिवसांत पाहिलंत. मला अभिमान वाटतो तुमचा."

मास्तर इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले, तशी कापशीने मान उंचावली. मास्तर जागीच थांबले. ताई रोज बसायची तसे ते हळूच जमिनीवर बसले, खिशातून गाजर काढून तळहातावर ठेवलं आणि कापशीकडे न बघता म्हणाले, "डोकं तुझं नाही, माझंच ठिकाणावर नव्हतं बाई. चूक झाली."

कुणीच हसलं नाही. कापशी बराच वेळ त्यांना निरखत उभी राहिली. मग दोन पावलं पुढे आली आणि तिने गाजर उचललं.