हिंदुरावचं उंचीचं घड्याळ

लाइट गेली म्हणून सोसायटीतली मुलं गच्चीवर आली, तर बबनराव आधीच खुर्ची टाकून बसलेले.

"भूतबित मी मानत नाही," ते म्हणाले, "पण आमच्या टूलरूममधल्या समाधानच्या घरी एक बाटली आहे. ती मानावी लागते. ऐका."

समाधान रहाटणीचा, हिंदुराव कुरुळीचा. चाकणला एकाच कंपनीत शेजारशेजारच्या मशीनवर. दोघांनाही जुन्या विमानांचं वेड. बाकीचे क्रिकेटवर बोलायचे, हे दोघं डबा खाताना डाकोटा विमानाच्या इंजिनांवरून भांडायचे.

एका रविवारी चिखलीच्या भंगारात समाधानच्या हाती एक तबकडी लागली. बॉयलरवरचा दाबाचा गेज समजून त्याने ती टाकून दिली. मागून हिंदुरावने उचलली, रुमालाने पुसली. डाकोटाचं उंची दाखवणारं घड्याळ! काटा जाम, पण माल अस्सल. अख्खं आयुष्य गेज वाचण्यात गेलेला समाधान, आणि हाच नेमका ओळखता आला नाही. त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही.

हिंदुराव रोज ते खिशातून काढायचा, काचेवर दोन टिचक्या मारायचा. "पायलट अशाच मारतो राव, मग वाचतो." वर एकदा विमानाने गोव्याला जाऊन आला, तर पाण्याची बाटलीच घेऊन आला. आकाशात रिकामी करून बूच लावलेली, उतरताना हवेच्या दाबाने चेपलेली. "ही बघ, याला म्हणतात उंची!" समाधान हसला. तो जन्मात विमानात बसला नव्हता.

मग हिंदुराव अचानक गेला. हार्ट. खोटं कशाला बोलू, स्मशानातही समाधानच्या डोक्यात एकच... आता ते घड्याळ कोणाचं?

दोन हजार तेवीस, बारा डिसेंबर, मंगळवार. अमावस्या होती. हिंदुरावच्या बायकोने, विजयश्रीवहिनींनी, समाधानला विमानांची पुस्तकं न्यायला बोलावलं होतं.

"पुस्तकं सगळी न्या भावजी. घड्याळ तेवढं पोरासाठी ठेवलंय. वरदला बापाची आठवण."

"बरोबर आहे वहिनी," समाधान म्हणाला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि कपाटावरचं घड्याळ याच्या पिशवीत गेलं.

रात्री साडेदहाला निघाला. मोशी सोडून स्पाइन रोडला लागला. रस्ता मोकळा. मनात म्हणतोय, माझंच होतं ते. पहिला हात माझा लागला होता.

टिक टिक.

पिशवीतून आवाज. त्याने गाडी बाजूला घेतली, घड्याळ काढलं, मोबाइलचा उजेड धरला.

काटा हलत होता.

तीन हजार फूट... चार... सहा... गाडी स्टँडवर. पाय डांबरावर. आणि काटा चढतोय. कानांना दडे बसले. बोटं गारठली. घशाला कोरड पडली... हेल्मेटची काच वर करून त्याने पिशवीतली पाण्याची बाटली तोंडाला लावली, रिकामी केली, सवयीने बूच आवळलं, पिशवीत टाकली. काच खाली ओढली. आठ हजार... श्वास पुरेना. खाली बघायची हिंमत होईना.

मग हेल्मेटच्या काचेवर...

टिक.

टिक.

समोर कोणी नव्हतं.

"हिंदुराव..." तो पुटपुटला. "देतो बाबा... परत देतो."

काटा उतरायला लागला.

पावणेबाराला वहिनींनी दार उघडलं. 'चुकून आलं' म्हणायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "चोरलं होतं वहिनी." वहिनींनी ते हातात घेतलं. घड्याळ पदराने पुसलं. काटा पहिल्यासारखाच जाम.

बबनराव थांबले. खाली कुठेतरी जनरेटर सुरू झाला.

"घरी येऊन त्याने पिशवी रिकामी केली. पुस्तकांखाली बाटली. बूच घट्ट... आणि अंग चेपून पार आत गेलेलं. शोकेसमध्ये ठेवलीय. बुचाला कोणाला हात लावू देत नाही. गेलं की मलाच विचारतो, 'बबनराव, हिंदुरावच्या बाटलीपेक्षा जास्त चेपलीय ना?'"

"जास्त चेपलीय?" एका मुलीने हळूच विचारलं.

"जास्त," बबनराव म्हणाले. "आणि समाधान अजून एकदाही विमानात बसलेला नाही."