मधला स्पीकर

सरोवराकडून पाऊस आला तो थेट आडवाच. बुरुलने डोक्यावरचा रुमाल घट्ट धरला आणि समोर जो कंटेनर उघडा दिसला त्यात शिरली. कराकोल या किरगिझ गावच्या बाजारात बरीचशी दुकानं अशीच, लोखंडी कंटेनरांत थाटलेली. या दुकानात स्पीकर होते. जमिनीपासून छतापर्यंत, काळे, तपकिरी, काही तर एवढे थोराड की मागे मेंढी लपली असती.

ती स्पीकरच घ्यायला निघाली होती, पण पलीकडच्या मोठ्या काचेच्या दुकानात.

"पाऊस थांबेपर्यंत बसा," आतून आवाज आला. "काही विकत घ्यायलाच हवं असं नाही."

"घ्यायचं होतं," बुरुल म्हणाली. "पण आता घेतलं तर आसऱ्याची परतफेड केल्यासारखं होईल."

तारा गुंडाळत बसलेल्या तरुणाचे हात थांबले. तो तिच्याकडे बघतच राहिला, जणू काही ओळखीचं आठवत होता.

"तुम्ही… 'बिश्केकची गाडी सुटते आहे, ज्यांचं सामान राहिलंय त्यांनी…' त्याच ना तुम्ही?"

बुरुलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाजाराला लागून असलेल्या बसस्थानकावर ती गाड्यांच्या घोषणा करायची. सारं गाव तिला रोज ऐकायचं, पण खांबावरच्या गंजक्या भोंग्यातून तो आवाज असा चेपून बाहेर पडायचा की समोरासमोर आजवर कुणी तिला ओळखलं नव्हतं.

"भोंग्यातून सगळे सारखेच ऐकू येतात," ती म्हणाली.

"सगळे नाही," तो म्हणाला. हातातल्या तारेला मात्र तेवढ्यात नको तिथे गाठ पडली.

त्याचं नाव कुबात. मग तिनं त्याला काम सांगितलं. थोडंसं सांगायचं म्हणून सुरुवात केली, पण पाऊस थांबेना आणि तो ऐकत होता, त्यामुळे सगळंच सांगून झालं.

तिची आई साइराकान येत्या रविवारी साठ वर्षांची होणार होती. ऐन तारुण्यात, राजधानीत शिकत असताना, एका परक्या भाषेतल्या सिनेमाला किरगिझ आवाज द्यायला तिची निवड झाली होती. दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती ती. पडद्यावर ती मुलगी, आवाज साइराकानचा. पण नामावळीत तिचं नाव आलं नाही, आणि गावी परतल्यावर तिच्यावर कुणाचा विश्वासही बसला नाही. शेजारची झैनेप एजे, गल्लीतली थोरली ताई, तर प्रत्येक जेवणावळीत म्हणायची, त्या सिनेमातल्या घोड्याचा आवाज माझा बरं का. सगळे हसायचे. साइराकानही हसायची. लहानपणापासून बुरुलने आईचं ते हसणं पाहिलं होतं, आणि ते तिला कधीच सहन झालं नव्हतं.

आता तो सिनेमा तिला मिळाला होता. रविवारी जमलेल्या सगळ्यांसमोर ती तो लावणार होती. अडचण एवढीच होती की घरच्या टीव्हीतून आवाज येई तो रजईखालून कुणी बोलावं तसा. तो साइराकानचा आहे हे ओळखायला तो आधी माणसाचा तर वाटायला हवा.

"किती खर्च करायचाय?" कुबातने विचारलं.

"अठरा हजार सोम. त्यावर एक सोम नाही."

कुबातने समारंभासाठी लोक नेहमी नेतात तो संच लावला. पाच चिमुकले स्पीकर आणि एक भला मोठा वूफर. ढोल वाजला तसा कंटेनर थरथरला आणि छताला लटकलेला पावसाचा थेंब बुरुलच्या नाकावर पडला.

"कसा आहे दणका?" त्यानं अभिमानानं विचारलं.

"दणका छान आहे. आता एखादा माणूस बोलताना ऐकवा."

हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं शोधून बातम्या लावल्या. वूफर उगाचच गुरगुरला, आणि बातम्या देणारी बाई विहिरीत पडल्यासारखी वाटली. कुबातला हसू आलं, मग थोडी लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांना नुसता भूकंप विकत होतो की काय, असं तो म्हणाला.

त्यानंतर बुरुल रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. येताना आश्लान-फूचे दोन वाडगे आणायची, कारण फुकट कुणाचा वेळ घ्यायचा नाही असा तिचा नियम होता. तिखट थंड शेवया खात दोघं माणसांची बोलणी ऐकायची. वृत्तनिवेदक, शाळेतल्या कविता, शेतीचे सल्ले. ऐकताना ती डोळे मिटायची आणि केस कानामागे सारायची. कान तिचे मोकळेच असत. कुबात त्या वेळी स्पीकरकडे बघत असे… निदान तसं दाखवत असे.

शेवटी तिला जोडी सापडली. कोपऱ्यात पडलेले दोन तपकिरी, लाकडी, जुने पण धडधाकट स्पीकर, आणि सोबत तितकाच जुना अ‍ॅम्प्लिफायर. वूफर नाही, दिवे नाहीत. त्यातून माणूस बोलला की तो खोलीत येऊन बसल्यासारखा वाटायचा. तेवढ्यातच अठरा हजार संपत होते.

"यांचा एक तिसरा भाऊ आहे," कुबात म्हणाला आणि आतून एक आडवा, बुटका स्पीकर काढला. "हा मधला. पडद्याखाली ठेवायचा. बोलणं सगळं यातूनच येतं. हा नसला तर कोपऱ्यात बसलेल्याला आवाज भिंतीकडून येतोय असं वाटतं. हा असला की पडद्यावरची बाई आपल्याकडे बघून बोलते."

बुरुलने त्यावरून हात फिरवला आणि किंमत न विचारता हात मागे घेतला.

"सवलत देतो ना."

"बाजारात दयेलाच सवलत म्हणतात," ती म्हणाली. "दोनच द्या."

"फार ताठ आहात तुम्ही."

"घोषणा करणाऱ्याला ताठच बसावं लागतं. वाकलं की आवाज दबतो."

शुक्रवारी कुबात स्पीकर घेऊन तिच्या घरी आला. साइराकान आमंत्रणं करायला बहिणीच्या गावी गेली होती. घरात एकटी मुलगी आणि परका तरुण, म्हणून बुरुलने दार सताड उघडं ठेवलं. बाहेरच्या बाकावर झैनेप एजे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलीच होती.

"स्पीकर आणलेत वाटतं," ती बाहेरूनच म्हणाली. "कुणाची आई मागणीचे कानातले घेऊन अजून या दारात आली नाही, आणि ही पोरगी घरात थिएटर बांधतेय. अगं, आधी होणाऱ्या सासूकडून कान सजवून घे, मग त्यांना गाणी ऐकव."

बुरुलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुबातच्या हातातली तार पुन्हा एकदा गुंतली.

स्पीकर लावले. सिनेमा सुरू झाला. आणि… सगळा कालवा. शब्दावर शब्द आदळत होते, वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या तोंडात जात होतं. दुकानात खोलीत येऊन बसणारा माणूस इथे जणू हमामखान्यात ओरडत होता.

"तुम्ही दुसरेच आणलेत," बुरुल म्हणाली.

"तेच आहेत. खोली वाईट आहे."

"गेल्याच महिन्यात रंगवलीय ही खोली."

कुबात म्हणाला, माझ्या मालाला नाव ठेवायचं तर ठेवा, पण मी खोटा माल विकत नाही. बुरुल म्हणाली, मग घेऊन जा तुमचा खरा माल. तो गेला नाही, पण अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन पाठ करून उभा राहिला. ती खोलीच्या मध्यभागी. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं. रविवारी याच खोलीत सगळे पुन्हा हसतील, आई पुन्हा त्यांच्याबरोबर हसेल…

ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "पुरे आता." आणि तो शब्द भिंतींवरून फिरून परत तिच्याकडे आला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. बसस्थानकाचं प्रतीक्षागृह रिकामं असलं की तिची घोषणा अशीच विरघळायची. प्रवाशांची तक्रार यायची. आणि हिवाळ्यात, जाड कोट घातलेल्या माणसांनी आणि त्यांच्या गाठोड्यांनी ते भरलं की तोच भोंगा, तीच बुरुल, पण प्रत्येक शब्द सुटा ऐकू यायचा.

तिनं भिंतींकडे पाहिलं. पांढऱ्या, गुळगुळीत, उघड्या. समारंभासाठी घर शहरी दिसावं म्हणून आईनं आणि तिनंच भिंतींवरचे गालिचे उतरवले होते, नवी रंगरंगोटी केली होती आणि गालिचे गावोगावच्या नातलगांना वाटून टाकले होते. हल्ली सगळेच तसं करायचे.

घरात आता एकच जाड कापड उरलं होतं. तेही पेटीत.

प्रत्येक मुलीसाठी आई सेप करून ठेवते, लग्नात सोबत न्यायचं सामान. साइराकानने बुरुलसाठी केलेल्या सेपमध्ये दोन शिर्डाक होते. नमद्याची भली मोठी जाजमं, लाल नि काळी, मेंढीच्या शिंगांच्या नक्षीची. कित्येक हिवाळे ती ते शिवत होती. लग्नाआधी सेप परक्याला दाखवायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता.

बुरुल थोडा वेळ पेटीसमोर उभी राहिली. मग तिनं डोक्यावरचा रुमाल सावरला, कुलूप काढलं, आणि दारात जाऊन म्हणाली, "हातोडी आहे का तुमच्याकडे?"

कुबात आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. जमिनीवर उलगडलेला तो लाल रंग पाहून त्यानं आधी बूट काढलेत की नाही ते पाहिलं. मग काही न विचारता त्यानं खिळे ठोकले. दोघांनी मिळून एक शिर्डाक पडद्यासमोरच्या भिंतीवर आणि दुसरा बाजूच्या भिंतीवर टांगला. दोघांची बोटं एकाच कोपऱ्यापाशी आली तेव्हा दोघांनीही तो कोपरा एकदमच सोडला, आणि शिर्डाक कुबातच्या डोक्यावर पडला. बुरुल हसली. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच.

सिनेमा पुन्हा लावला. दीपगृहातली मुलगी खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "मी दिवा विझवणार नाही. कुणी येवो न येवो, हा उजेड माझा आहे."

शब्द न् शब्द सुटा. श्वाससुद्धा. कुबातने वळून बुरुलकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"हा तर… तुमचा आवाज आहे."

"अपाचा आहे, आईचा," बुरुल म्हणाली. एवढं सांगताना तिची मान जरा वर झाली. "माझ्याकडे नंतर आला."

 कुबात बाहेर गेला, गाडीतून तो आडवा, बुटका स्पीकर घेऊन आला आणि पडद्याखाली ठेवून तारा जोडायला लागला.

"मी सांगितलं होतं, सवलत नको."

"ही सवलत नाही. नवी वस्तू पहिल्यांदा पाहिली की भेट द्यावी लागते, कोऱ्युमद्युक. तुमचे शिर्डाक आजवर कुणी पाहिले नव्हते, मी पाहिले. माझ्या आजीच्या घरी कोऱ्युमद्युक नाकारणाऱ्याला जेवायला वाढत नाहीत."

 सवलत नाकारता येत होती, रीत कशी नाकारणार?

"सून पहिल्यांदा पाहिली की तिचंही देतात," ती हळूच म्हणाली, आणि असं बोलल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला.

"हो," तो तारांकडे बघत म्हणाला. "ते वेगळं आणीन."

संध्याकाळी झैनेप एजेने बुरुलला कुंपणावरून हाक मारली. त्या पोराला कसले गं दिवे नि उजेड ऐकवत होतीस? मुलीनं एवढं स्पष्ट बोलू नये. बुरुल फक्त हसली.

रविवारी सकाळी साइराकान परतली आणि भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. 

"हे कुणी पाहिलं?"

"स्पीकरवाल्यानं."

"कोऱ्युमद्युक दिलं का त्यानं?"

"दिलं, अपा."

साइराकानने शिर्डाकचा एक वाकडा कोपरा सरळ केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. पण जाता जाता तिनं त्या मधल्या स्पीकरवर स्वतःच्या हातानं विणलेला रुमाल घातला, आणि आवाज दबू नये म्हणून बुरुलने तो हळूच काढून ठेवला.

दुपारी घर माणसांनी भरलं. तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांचा ढीग, चहाचे वाडगे, मुरंबे. कुबात "तारा बघायला" म्हणून आला आणि दारापाशीच्या शेवटच्या जागेवर बसला. जेवणं झाल्यावर नेहमीसारखं कुणीतरी सिनेमाचं नाव काढलं, आणि झैनेप एजेने नेहमीसारखं घोड्याचं. लोक हसले. साइराकान हसायला लागली.

बुरुलने बटण दाबलं.

दीपगृह दिसलं. कुणी चहा ओतत होतं, कुणी बोलत होतं. मग ती मुलगी खिडकीपाशी आली.

"मी दिवा विझवणार नाही. कुणी येवो न येवो, हा उजेड माझा आहे."

झैनेप एजेच्या हातातला वाडगा ओठांपाशीच राहिला. ती वळली. चहाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या बुरुलचे ओठ मिटलेले होते. एकेक करून सगळ्यांनी बुरुलकडे पाहिलं, कारण तो आवाज सगळ्यांना ठाऊक होता. त्याच आवाजानं त्यांची पोरं शहराला पाठवली होती आणि परत आणली होती. आणि मग, एकेक करून, सगळे साइराकानकडे वळले.

पडद्यावरची मुलगी पुढचं वाक्य बोलली. साइराकान तिच्याबरोबर बोलली, पाठ असल्यासारखं, खालच्या आवाजात. आवाज आता खरखरीत झाला होता, पण पावलं त्याच वाटेनं पडत होती. या वेळी ती हसली नाही. तिची पाठ ताठ झाली होती.

झैनेप एजे उठली. आपल्या खांद्यावरची नवी लोकरी शाल काढून तिनं साइराकानच्या खांद्यांवर घातली.

"कोऱ्युमद्युक," ती म्हणाली. "इतकी वर्षं थकलं होतं." आणि परत जागेवर बसताना पुटपुटली, "घोड्याचा आवाजही काही वाईट नव्हता म्हणा."

संध्याकाळी पाहुणे गेले. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. कुबात सफरचंदाच्या झाडाखाली उगाचच रेंगाळत होता.

"स्थानकावरचा तो गंजका भोंगा मी बदलून देऊ शकतो," तो म्हणाला. "म्हणजे… सगळ्यांना नीट ऐकू येईल."

"नको," बुरुल म्हणाली. "त्याच भोंग्यातून तू मला ओळखलंस. राहू दे तो."

ते 'तू' दोघांनीही ऐकलं. पावसाचा आवाज मध्ये आला नाही.

"तुझा आवाज ऐकल्याशिवाय मी दुकान उघडत नाही," कुबात म्हणाला. "पहिली गाडी सुटेपर्यंत कुलपाला हात लावत नाही. किती दिवस झाले, माहीत नाही. चेहरा तर नंतर पाहिला."

बुरुलने केस कानामागे सारले. पावसाचे थेंब तिच्या मोकळ्या कानांवर पडत होते.

"शिर्डाक उतरवायला अपा आता तयार नाही," ती म्हणाली. "म्हणते, सेप एकदा दाखवलं की परत पेटीत जात नाही." ती थांबली, मान उंच केली, घोषणा करताना करायची तशीच. "तुझ्या आईला सांग… मला चांदीचे कानातले आवडतात. आणि सवलतीत घेऊ नकोस म्हणावं."