लाल इंजिनाचं धुराडं

चष्मेवाला त्या दुकानात आला तो दार चुकून. त्याला शेजारी झेरॉक्स काढायची होती. पण आत भिंगामागे एक भलामोठा डोळा दिसला आणि तो तिथेच थबकला.

“तुमचं भिंग चुकीच्या नंबरचं आहे,” तो म्हणाला.

“आणि तुमचं दार,” ती म्हणाली.

मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून ती आगगाडीची बोटाच्या पेराएवढी इंजिनं घडवायची. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या खेळाचा डबा घेऊनच हजर. पटावर नकाशा, नकाशावर रूळ, आणि रुळांवर सरकवायला प्लॅस्टिकचे मुके ठोकळे.

“खरी इंजिनं करून द्या. धुराडं, चाकं, सगळं... निळं आधी. ते माझं.”

निळं झालं. मग दर सोमवारी ते परत यायला लागलं.

“रविवारी खेळलो. चाक निखळलं.”

“गाडी चालवता की आपटता?”

“आपटली जाते हो... समोर लाल असते ना.”

“लाल कोण?”

“दातांची डॉक्टर. कधी हरत नाही.” आणि तो हसला. तेवढंच. पण ते हसू तिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

पिवळं झालं, हिरवं झालं. शेवटी राहिलं लाल.

“लालमध्ये ड्रायव्हर बसवा. फक्त लालमध्ये हं. तिने सांगितलंय.”

“ती सांगेल ते करता?”

“एवढं तरी करायला हवं—” तो चाचरला आणि चष्मा पुसत बसला.

लोक मत्सराला उगाच गोड नावं देतात. म्हणे रुसवा, म्हणे हक्क. हिला गोडबीड काही वाटत नव्हतं, नुसता तिळपापड झाला होता. लाल इंजिन तिने सगळ्यात देखणं केलं. सवतीने नाव ठेवायला जागा ठेवायची नाही! टोपीवाला ड्रायव्हरही बसवला. मग कानस घेतली आणि धुराड्याची कड घासत बसली, ब्लेडसारखी होईपर्यंत. पटावरचं इंजिन उचलतात ते धुराड्याला धरूनच.

पुढच्या सोमवारी चष्मेवाला नेहमीच्या वेळी आला नाही. एक बाई आली. बोटाला पट्टी. तिने लाल इंजिन टेबलावर ठेवलं.

“धातू ओतताना राहिली असेल कड,” भिंगातून डोळा न काढता ही म्हणाली.

“दात घासून पोट भरते मी. कानशीची रेघ मला दाखवू नका. दोन पेशंट परत पाठवलेत या बोटापायी.”

हिचे कान तापले. मामाने उगाचच एका घड्याळाला किल्ली द्यायला घेतली.

“चूक झाली,” ही कशीबशी म्हणाली. “मुद्दाम केली.”

“माहितीये. तुझ्या जागी मीही केली असती.” डॉक्टरीण स्टूल ओढून बसली. “मी त्याला लग्नाचं विचारलं होतं. नाही म्हणाला. वर म्हणाला, इंजिनात तुला हवं ते करून देतो. मी म्हटलं, ड्रायव्हर बसव, कोणीतरी सोबत असू दे. त्याचं चाक कसं निखळतं, माहितीये?”

“कसं?”

“स्वयंपाकघरात जाऊन पकडीने उपटतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. इतके दिवस मी इकडे जळतेय, आणि तू तिकडे माझ्यावर? घे, गोल कर ते. आणि रविवारी खेळायला ये. तुला हरवल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.”

हिने मुकाट्याने धुराडं गोल केलं. स्वतःच्या ओठावर फिरवून पाहिलं, मग दिलं.

संध्याकाळी चष्मेवाला आला. एका हातात निळं इंजिन, दुसऱ्यात चाक.

“उशीर झाला... हे बघा ना, पुन्हा—”

“पकडीने काढलंत की हाताने?”

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल.

“पकडीने,” शेवटी म्हणाला. “हाताने निघत नाही. तुम्ही बसवताच इतकं पक्कं.”

“मग सरळ यायचं होतं.”

“सरळ येऊन काय म्हणणार होतो?”

“आता म्हणाल तेच.”

“तुमच्याशिवाय सोमवार जात नाही...” तो चाकाकडे बघत म्हणाला.

तिने ते चाक त्याच्या तळहातावरून उचललं आणि आपल्या खणात टाकलं.

“हे बसवून मिळणार नाही. उद्या मंगळवार आहे. मोडकं काही न आणता या.”