कोरी चौकट

गेल्या वर्षी, नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नॉर्मन हॅलम घराला कुलूप लावून निघाला. काम साधं होतं. एक स्लाइड, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मवरचा फोटो, मेव्हिस बेस्टविकच्या घरी पोचवायची. वरच्या खिशात, पाकिटात घातलेली, आगपेटीएवढी वस्तू.

एवढं बोलून मी थांबलो. आमच्या रेल्वे-इंजिनवेड्यांच्या मंडळाची बैठक नुकतीच संपली होती. पडदा गुंडाळला होता, बाहेर पाऊस होता, आणि कॅलम आणि जेस ही दोन तरुण मंडळी चहाचे कप धरून बसली होती.

"यात शेवटी काही विकायचंय का तुम्हाला, वॉल्टर?" कॅलम म्हणाला.

"विकायचं असतं तर आधी तुझी खुर्ची विकली असती," मी म्हणालो. "ऐक गप."

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. माणूस गेला की घर रिकामं करायला मला बोलावतात. सामान उचलतो, आणि इंजिनांच्या स्लाइडींचे खोके मिळाले तर ते वेगळे ठेवतो. चाळीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. बायका आधी चहा देतात आणि मग हमखास विचारतात, "अहो, एवढ्या हजारो चित्रांत मी कुठेच नाही का?" नसतेच. चौकटीत माणूस आला की आमची मंडळी चिडतात. समोरची झुडपं कापायला कात्री घेऊन फिरणारी ही जात! इंजिन स्वच्छ दिसलं पाहिजे, बस्स.

नॉर्मन त्यातलाच. आयुष्यभर पोस्टमन. प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बारीक अक्षरात लिहायचा: इंजिनाचा नंबर, जागा, तारीख. साडेआठ हजार स्लाइडी, एकही चुकलेली नाही. एकच चौकट कोरी होती. ती त्या दिवशी खिशात होती.

गोष्ट शहाऐंशीच्या फेब्रुवारीतली. आमच्या गावची कोळशाची खाण तेव्हा चालू होती. लांब नाकाची ती जुनी डिझेल इंजिनं जोडीनं कोळसा ओढायची. शिट्टी मिसळलेली त्यांची धडधड मैलभरावरून कळायची. चालवणारा नाकाच्या मागे बसतो, त्यामुळे त्याला पुढचं आधीच कमी दिसतं. नॉर्मनच्या पाहिलेल्या इंजिनांच्या वहीत या जातीचं एकच इंजिन खूण करायचं राहिलं होतं, आणि ते त्या रात्री यार्डातून निघणार असल्याची बातमी लागली. हा कुंपणाशी दबा धरून बसला.

"फ्लॅश घेऊन?" जेसने विचारलं. आवाज बदलला होता तिचा.

"फ्लॅश घेऊन."

तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतो ना आपण? अंधारात चालत्या गाडीच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, चालकाचे डोळे दिपतात. मारामारी करा, उधारी बुडवा, पण हे नाही. नॉर्मनलाही ठाऊक होतं. शेवटचा नंबर होता, हात आवरला नाही. नंबर मिळाला, आणि हा सायकलवरून घरी.

सकाळी गावात कळलं, मेव्हिसचा नवरा रे बेस्टविक इंजिनाखाली सापडला. रे यार्डात डबे जोडायचा, रुळांवर उभा राहून दिव्यानं इशारे द्यायचा. चालक शपथेवर म्हणाला, मला दिवा दिसलाच नाही. खोटं नव्हता बोलत बिचारा. चौकशीत ठरलं, रेने दिवा दाखवलाच नाही. गावानं त्यात आपली भर घातली: प्यायला असणार.

दोन आठवड्यांनी फिल्म धुऊन पोस्टानं आली. नॉर्मननं स्लाइड उजेडाला धरली. नंबर स्पष्ट. आणि इंजिनापुढे, दहा-बारा पावलांवर, हात उंच धरून उभा असलेला रे. हातात दिवा. लाल.

"आणि त्यानं सांगितलं नाही?"

"उद्या सांगू म्हणाला. अडतीस वर्षं."

त्या गुरुवारी 'उद्या' संपला. शुक्रवारी सकाळी मुलगी मेव्हिसला कायमची स्कॉटलंडला नेणार होती. घर रिकामं करायला मीच आठ वाजता जाणार होतो. नॉर्मनला मीच ते बोललो. तो नुसता म्हणाला, "दमलो रे वॉल्टर." मला वाटलं, गुडघे दुखतायत.

बस सहाला बंद होते. म्हणून तो जुन्या लाइनच्या वाटेनं निघाला. रूळ केव्हाच उचललेत, आता लोक तिथं कुत्री फिरवतात. पाऊण तासाची वाट. हातात छोटी बॅटरी. जुन्या यार्डाशी, जिथं आता बर्चची झाडं माजलीत, तो थांबला. सरळ विचार आला मनात. परत जावं. पाकिटावर तिकीट लावून तिकडे पाठवून द्यावं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, हे एक दुसरा कोणी पोचवील.

तो वळला.

मागे वाटेवर लाल उजेड होता.

सायकल असेल. मागचा दिवा असेल… पण छातीएवढ्या उंचीवर होता. आणि हलत नव्हता.

"कोण आहे?"

नॉर्मननं त्या उजेडाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. उजेड वर गेला. सावकाश. हात उंच करावा तसा.

तो थांबला. बॅटरी मारली. झाडं. ओला पाला. उजेडामागे कोणी नाही… आणि मग लांबून, जिथं एकही रूळ नाही तिथून, ती धडधड. शिट्टी मिसळलेली.

नॉर्मन पुन्हा वळला. चालू लागला. मेव्हिसच्या घराकडे.

मागे पाहिलं नाही. गरज नव्हती. पाय जड झाले, चाल मंदावली, की त्याची स्वतःची सावली पुढ्यात पडायची. लांब. लाल. चाल वाढवली की विरायची.

मंद… लाल.

भरभर… अंधार.

असं तिच्या फाटकापर्यंत.

मेव्हिसनं दार उघडलं. "नॉर्मन? या वेळी? अरे, चेहरा कसा झालाय तुझा. आत ये बाबा."

स्वयंपाकघरात सगळं खोक्यांत बांधलेलं. टेबल तेवढं उघडं होतं, मेणकापड घातलेलं. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. फ्लॅशसकट. तिनं चष्मा लावला, स्लाइड दिव्याला धरली. खूप वेळ.

"हात वर आहे त्याचा."

"हो."

"दिवा लाल आहे ना रे? माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता."

"लालच आहे, मेव्हिस."

ती खुर्चीत बसली. "अडतीस वर्षं मी या गावात मान खाली घालून पाव आणायला गेले, नॉर्मन. पोरीला शाळेत दारुड्याची म्हणायचे. आणि हे तुझ्या कपाटात होतं."

मग उठली आणि किटली ठेवली. "बस. चहा घे."

"माफ केलं का तिनं?" जेसने विचारलं.

"त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणाला, चहा प्यायलो. नऊला निघालो. परतीच्या वाटेवर काहीच नव्हतं."

"झालं? एवढंच?" कॅलम हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

एवढंच असतं तर बरं झालं असतं.

सकाळी आठला मी गाडी घेऊन गेलो. तोवर मला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं, नॉर्मन भेटला दुपारी. मेव्हिस कोट घालून उभी होती. मुलगी बाहेर सामान लावत होती. मोरीजवळ दोन कप धुऊन पालथे घातलेले, चिनी मातीचे, नाजूक. टेबलाच्या दोन खुर्च्या आत सरकवलेल्या. भिंतीकडची तिसरी मात्र मागे ओढलेली. तिच्यापुढे मेणकापडावर एक गोल डाग. कापड वितळून कडं काळं झालेलं, जणू चुलीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलंय.

कपाचा नव्हता. कपाच्या दुप्पट. रेल्वेतले लोक कामावर चहा न्यायचे ना, कडीचा पत्र्याचा डबा, त्याच्या बुडाएवढा. असे डबे मी शेकड्यांनी हाताळलेत, माझं माप चुकत नाही.

"मेव्हिस, रात्री आणखी कोण आलं होतं?"

ती त्या खुर्चीकडे बघत राहिली.

"टेबल सगळ्यात शेवटी न्या हं, वॉल्टर," म्हणाली. "घाई नाही."

ती बाहेर गेल्यावर मी त्या डागावर तळहात ठेवला.

घर गार पडलं होतं. शेगडी रात्रीच विझवलेली.

डाग कोमट होता.