मागच्या डाव्या खिडकीची पट्टी

लाइट गेली तर गेली, कंदील आहे. सरकून बसा जरा. आणि मधेच कुणी खिदळायचं नाही. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

ही गोष्ट आमच्या टेंभुर्णीच्या ख्वाजामियाँची. जातिवंत कल्हईवाला. त्याची आणि आमची भिंत एक होती, त्यामुळे त्याच्या तोंडून ही मी कितीदा तरी ऐकली. दरवेळी तीच, तशीच. माणूस चिडका होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

निजामाचं राज्य, साल चव्वेचाळीस, तिकडे मोठी लढाई चाललेली. दिवाळी होऊन गेली होती. पिंपळगाव रेणुकाईच्या रामराव पाटलांचं ख्वाजामियाँला बोलावणं आलं. भाता, कथील, नवसागर पाठीवर टाकून गडी निघाला. वाटलं, लग्नघर आहे, हंडे-घागरी असतील. जाऊन बघतो तर काय, मोटार!

रामरावांनी औरंगाबादकडच्या एका जमीनदाराची जुनी मोटार घेतली होती. बंद टपाची, मागच्या खिडक्यांना मखमली पडदे. लेकीची वरात त्यातून काढायची हौस. इंजिन ठणठणीत होतं, पण खिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या धातूच्या पट्ट्या पार मळकट, डागाळलेल्या. लढाईमुळे नवं सामान मिळायची सोय नव्हती.

"चकचकीत करून दे, ख्वाजा," रामराव म्हणाले. "काम पुरं झाल्याबिगर हलायचं न्हाई. जबान दे."

ख्वाजामियाँनं जबान दिली आणि तिथंच फसला. घरी त्याची लेक अजीजुन्निसा पहिल्या बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते. निघताना त्याची बायको अकबरबी बजावून म्हणाली होती, "जल्दी या. पोरीचे पाय लई सुजलेत."

त्यानं आधी भांड्यांचीच रीत केली. चिंच लावली, राख लावली, घासलं. घासता घासता वरचा पांढरा मुलामाच निघाला आणि खालून पिवळं पितळ वर आलं. रामराव बघून तडकले. "मोटारीला हळद लावून राह्यला का रे? हळद पोरीला लावायची हाय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. मग म्हणाला, पितळ आहे ना? पितळेला कल्हई होते. त्यानं एकेक पट्टी स्क्रू काढून सोडवली, भट्टीवर तापवली, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसानं पुसलं. आणि खरं सांगतो, पट्ट्या अशा उजळल्या की रामरावांनी त्यात मिशी बघून घेतली.

सगळ्या उजळल्या. एक सोडून.

मागच्या डाव्या खिडकीची खालची पट्टी. संध्याकाळी लखलखीत बसवायची, सकाळी बघावं तर मधोमध काळपट डाग. चार डाग, शेजारी शेजारी. कुणी आतून मूठ आवळून धरावी तसे.

पहिल्या सकाळी त्याला वाटलं, कुण्या पोराचा चाळा. घरातल्या सगळ्या पोरांना शिव्या घातल्या. पुन्हा पट्टी काढली, पुन्हा भट्टी पेटवली. दुसऱ्या सकाळी तेच! तेव्हा ड्रायव्हर भुजंगावर घसरला. हा भुजंग मोटारीबरोबरच आलेला, जुन्या मालकाकडचा माणूस. अबोल. तो एवढंच म्हणाला, "मी मागं बसतच न्हाई, चाचा." तिसऱ्या सकाळीही डाग होतेच. ख्वाजामियाँनं हातातला चिमटा अंगणात भिरकावला. धुरानं डोळे सुजलेले, बोटं भाजलेली, आणि काम जिथल्या तिथं. वैताग वैताग झाला त्याचा.

त्याच दिवशी टेंभुर्णीहून गाडीवाला निरोप घेऊन आला. अकबरबीनं सांगितलं होतं, पोरीचं पोट दुखू लागलंय, असाल तसे या. ख्वाजामियाँ रामरावांकडे गेला. रामराव म्हणाले, "एका पट्टीसाठी वरात खराब करतो का माझी? आजची रात बघ. उद्या जा."

तो परत फिरला. रामरावांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या पट्टीचा होता, हे तो स्वतः सांगायचा. पट्टीपुढं हार मानून जायचं त्याच्या जिवावर आलं. आज चोर पकडतो, मग जातो, असं म्हणाला. म्हणजे बघा, लेक तिकडे कळा देते आहे आणि हा इथं पट्टीशी भांडतो आहे!

ती रात्र मंगळवारची. कार्तिक वद्य चतुर्दशी.

गोठ्याशेजारच्या छपरात मोटार उभी होती. ख्वाजामियाँनं पट्टी नव्यानं कल्हई करून बसवली आणि कंदील घेऊन स्वतः मोटारीत पुढच्या सीटवर बसला. दारं आतून लावून घेतली. आता कोण येतो बघू. दूर डोंगराकडे अवकाळी वीज चमकत होती. गुरं रवंथ करत होती.

मग गुरांचा आवाज थांबला.

मागची सीट कुरकुरली. कुणी बूड हलवून बसावं तशी.

त्यानं कंदील उचलला. मागं कुणी नव्हतं. सीट रिकामी. पडदे सरळ. पट्टी चकचकत होती.

बघता बघता तिच्यावर एक डाग उमटला.

मग दुसरा. तिसरा. चौथा.

हात दिसत नव्हता. नुसते डाग. गडद झाले… जरा फिके पडले… पुन्हा गडद झाले. आणि दर वेळी सीट कुरकुरत होती.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण ख्वाजामियाँचं डोकं फिरलं होतं. तीन दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत काळी पडत होती. "माझ्या कामाला हात लावतो?" असं ओरडून तो मागच्या सीटवर चढला आणि फडकं घेऊन डाग पुसायला लागला. जोरात. कचाकचा.

फडक्याखाली पट्टी लागली नाही.

बोटं लागली.

बारीक. हाडकुळी. ओली.

फडकं गळून पडलं. त्याला हात मागं घेता आला नाही. काहीतरी त्याच्या मनगटाला धरून होतं. आवळलं… सोडलं. थांबलं. पुन्हा आवळलं, जास्त जोरानं…

आवळलं. सोडलं. थांबलं.

आणि त्याला ओळख पटली.

अजीजुन्निसाच्या वेळी अकबरबीला कळा सुरू झाल्या होत्या बैलगाडीत, रस्त्यावर. तिनं त्याचं मनगट असंच धरलं होतं. कळ आली की आवळायची, ओसरली की सोडायची.

"या अल्ला," तो म्हणाला. "माझी पोर…"

मनगट सुटलं.

त्यानं भुजंगाला लाथ घालून उठवलं. "ऊठ. टेंभुर्णीला चल."

"पाटलाला इचारल्याबिगर? वरातीपुरतंच पेट्रोल हाय, चाचा."

"मागं बाई हाय, भुजंग. बाळंत होऊन राह्यली ती."

भुजंग उठून बसला. खाली बघत बोलला.

"जुन्या मालकाची सून होती. मोटार नवीकोरी. दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो तिला. नदीला गढूळ पाणी आल्तं. फार न्हवतं, निघालो असतो. मालक म्हणले, थांब. पाणी उतरू दे. चिखलानं चकाकी जाईल…"

"मंग?"

"रातभर काठावर थांबलो. ती ओरडली बी न्हाई. पट्टी धरून बसली नुसती." भुजंगानं किल्ली उचलली. "सकाळी बोटं सोडवावी लागली."

दोघं पुढं बसले. मोटार निघाली. मागच्या सीटची कुरकुर चालूच होती, आणि आता ती लवकर लवकर येत होती. ख्वाजामियाँनं एकदाही मागं पाहिलं नाही.

नदीवर आले. डोंगरातल्या पावसानं पाणी चढलं होतं. दिव्यांच्या उजेडात गढूळ, फेसाळ. भुजंगानं ब्रेक लावला.

"पाणी उतरू द्यावं का…"

मागची कुरकुर थांबली. एकदम.

इंजिनाची घरघर. पाण्याचा आवाज. मागं… काहीच नाही.

"घाल!" ख्वाजामियाँ किंचाळला. "चुलीत गेली चकाकी! घाल पाण्यात!"

भुजंगानं घातली. पाणी मोटारीच्या पायरीवर आलं, दारातून आत आलं, चिखलाचे लपके काचेवर बसले. इंजिन ठसकलं, पण बंद पडलं नाही. मोटार पलीकडच्या चढाला लागली.

टेंभुर्णीत अजीजुन्निसाचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. सुईणीनं हात टेकले होते. तिला मागच्या सीटवर घातलं, शेजारी अकबरबी बसली, आणि मोटार थेट जालन्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागली. पोरीनं रस्ताभर डाव्या खिडकीची पट्टी धरून ठेवली होती. दिवस उगवता उगवता मुलगा झाला. दोघंही जगली. तो मुलगा म्हणजे आपले निजामोद्दीन मास्तर. हो, तेच. तुम्हांला छड्या मारणारे.

मोटार परत गेली तेव्हा रामराव अंगणात उभेच होते. चिखलानं लडबडलेली वरातीची मोटार बघून त्यांनी ख्वाजामियाँला नाही नाही ते ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बादली आणली आणि मोटार धुवायला घेतली. डावी पट्टी त्यानं शेवटी धुतली.

डाग नव्हते. पट्टी स्वच्छ होती. वरातीच्या दिवशीही स्वच्छच राहिली.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. बऱ्याच वर्षांनी मी पिंपळगावला गेलो होतो. रामराव गेले होते, मोटारीची चाकंसुद्धा कुणी काढून नेली होती. मागच्या वाड्यात कडब्याखाली सांगाडा पडला होता. थंडीची पहाट, पत्रा बर्फासारखा गार. सगळ्या पट्ट्या काळ्याठिक्कर. कल्हईच ती, वर्षभर टिकली तरी खूप.

मागच्या डाव्या खिडकीचा कडबा बाजूला केला. तीही पट्टी काळी होती. फक्त मधोमध चार बोटांएवढी जागा चमकत होती. आज कल्हई केल्यासारखी.

मी तिथं बोटं ठेवली.

कोमट होती.