ताणावर सोडलेली बोगनवेल

पाणी वेळेवर, खत भरपूर, ऊन लख्ख, तरी बोगनवेलीवर रंगाचा ठिपका नाही. शलाकाला हे कोडं काही सुटेना. सोलापूरजवळच्या, काचेच्या छताखालच्या त्या नव्या वसाहतीत बागेचं काम यंत्रमाणूस बागोबाकडे होतं. माती जरा कोरडी लागली, की तो पाणी सोडायचा. वेल नुसती पानांनी माजली होती.

वसाहतीचे अध्यक्ष घोलपकाका म्हणाले, "पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे. तोवर रंग आला नाही तर उपटा. प्लॅस्टिकची लावू, तिची कटकट नसते."

काकांना शोभा हवी होती, झाड नको होतं. अशी माणसं पुष्कळ असतात. पण ती वेल शलाकाने काडी खोचून वाढवलेली. ती थेट कुमुदआत्याकडे गेली. आत्या वनस्पतींची शास्त्रज्ञ आणि तोंडाने फटकळ.

वेल पाहून आत्या म्हणाली, "लाडावून ठेवलीत हिला. हिचं माहेर दक्षिण अमेरिका. अडीचशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच जहाजावरच्या लोकांनी ही पाहिली आणि कप्तानाचं नाव देऊन टाकलं. तिथल्या माणसांना जणू ती कधी दिसलीच नव्हती. असो. तिथे काही महिने पाऊस, काही महिने कोरडे. पाणी मिळालं की ही पानं वाढवते. पाणी तुटलं की वाढ आवरते आणि साठवलेलं अन्न फुलोऱ्याकडे वळवते. आपले डाळिंबवाले काय करतात? बाग ताणावर सोडतात (मुद्दाम पाणी तोडतात), मग बहार धरतात."

बागोबा म्हणाला, "माझ्या सूचनांत तहान म्हणजे चूक."

"मग सूचना लिहिणाऱ्याने डाळिंबाची बाग पाहिलेली नाही."

पाणी बंद झालं. पानं लोंबू लागली. घोलपकाका येताजाता टोमणा मारत, "वाळवलीच की गं पोरी." एकदा शलाकाने झारी उचललीसुद्धा. मग पान चाचपलं. ते मऊ पडलं होतं, पण कुरकुरीत झालं नव्हतं. तिने झारी खाली ठेवली. पानं अगदीच मलूल झाली, तेव्हाच थोडं पाणी दिलं. पुन्हा ताण.

उद्घाटनाच्या आठवड्यात फांद्यांची टोकं जांभळट गुलाबी झाली.

"आली बुवा फुलं," काका म्हणाले.

"ही फुलं नाहीत काका," शलाका म्हणाली. " ही छदं (फुलाभोवतीची रंगीत पानं). फूल आत आहे बघा, पांढरं."

काकांनी चष्मा लावला. "एवढंसं? मग हा सगळा थाट कशाला?"

"फुलपाखरांना आमंत्रण."

काका बराच वेळ वाकून पाहत राहिले. प्लॅस्टिकचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ते गेल्यावर बागोबाने विचारलं, "कुठल्या झाडाला किती तहान बरी, हे मला कोण सांगेल?"

"अजून कुणालाच सगळं ठाऊक नाही," शलाका म्हणाली. "आपण शोधू." आणि दोघं पलीकडच्या जास्वंदीकडे निघाली.